एक प्रश्न, चार विद्याशाखा: आपल्या विषयाबाहेरचं संशोधन कसं वाचावं

विज्ञान, शिक्षण, कायदा आणि पर्यावरण या चार शाखांतले शोधनिबंध शेजारी शेजारी ठेवून वाचायला बसलं की सगळ्यात आधी जाणवतो तो त्यांच्यातला परकेपणा. एकात तक्तेच तक्ते, दुसऱ्यात शिक्षकांनी भरलेल्या प्रश्नावल्या, तिसऱ्यात पानाच्या निम्म्यापर्यंत चढलेल्या तळटीपा, तर चौथ्यात कित्येक दशकांची मोजमापं. ज्याला एकाच शाखेची सवय आहे त्याला बाकीचं संशोधन एक तर कच्चं वाटतं किंवा दुर्बोध. प्रयोगशाळेत वाढलेला माणूस कायद्याचा निबंध वाचून विचारतो, "यात डेटा कुठे आहे?" वकील वैज्ञानिक निबंध वाचून विचारतो, "हे ठामपणे का सांगत नाहीत?"

प्रत्येक शाखा पुरावा आपापल्या रीतीने गोळा करते आणि आपापल्या रीतीने तपासते. किती पुरावा म्हणजे पुरेसा, हेही ती आपल्यापुरतं ठरवते. एका शाखेची फूटपट्टी दुसरीला लावली की वाचन फसतं. हा लेख त्यासाठीच आहे. विद्यार्थी, शिक्षक, पत्रकार, कार्यकर्ते अशा ज्या कुणाला आपल्या विषयाबाहेरचं संशोधन वाचून त्यावर टिपण लिहायचं आहे किंवा भूमिका घ्यायची आहे, त्यांनी पायरीपायरीने काय करावं ते यात सांगितलं आहे.

उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: पेट्रोलमधलं शिसं आणि लहान मुलं. टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग मिसळलं की इंजिनातली ठोकर (इंधन अवेळी पेटल्याने होणारा खडखडाट) थांबते हे १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत सापडलं आणि १९२३ पासून असं पेट्रोल विकलं जाऊ लागलं. जगातून ते पूर्णपणे हद्दपार झाल्याची घोषणा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२१ मध्ये केली. मधल्या जवळजवळ शंभर वर्षांत या चारही शाखांनी या एका प्रश्नावर काम केलं. प्रत्येकीची रीत समोरासमोर ठेवून पाहायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पायरी १: प्रश्न लिहा आणि तो फोडा

शोध सुरू करण्याआधी आपला प्रश्न एका वाक्यात कागदावर उतरवा. आपल्या उदाहरणात तो असा: पेट्रोलमधल्या शिशाने मुलांचं नुकसान होतं का, आणि होत असेल तर ते थांबवायला सरकारने किती पुराव्याची वाट पाहायची?

आता या वाक्यात किती प्रश्न दडले आहेत ते बघा. शिसं शरीरात गेल्यावर काय करतं आणि किती मात्रेला, हा विज्ञानाचा प्रश्न. ते येतं कुठून आणि किती पसरलंय, हा पर्यावरणाचा. वर्गातल्या मुलाच्या शिकण्यात फरक दिसतो का, हा शिक्षणाचा. आणि कायदा सरकारकडून किती खात्री मागतो, हा कायद्याचा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुठलीही प्रयोगशाळा देऊ शकत नाही आणि पहिल्याचं उत्तर कुठलंही न्यायालय देऊ शकत नाही. "तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत" असं जेव्हा म्हटलं जातं, तेव्हा पुष्कळदा तज्ज्ञ मुळात वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. प्रश्न आधी फोडून ठेवला की हे लगेच लक्षात येतं.

पायरी २: निबंध शोधा आणि जिवंत आहे का ते बघा

सुरुवातीला गूगल स्कॉलर पुरतं, पण पुढे त्या त्या शाखेच्या भांडारात जावंच लागतं. वैद्यकशास्त्रासाठी पबमेड, शिक्षणासाठी एरिक, कायद्यासाठी हाइनऑनलाइन किंवा मोफत असलेलं वर्ल्डलिआय. शब्दही बदलावे लागतात. वैद्यकीय लेखक 'रक्तातली शिशाची पातळी' म्हणतो, तर कायद्याचा लेखक त्याच विषयावर 'धोका' आणि 'सिद्धतेचा भार' या शब्दांत लिहितो. एकच शोधशब्द घेऊन चारही ठिकाणी गेलात तर दोन ठिकाणांहून रिकाम्या हाताने परत याल.

सगळ्यात उपयोगी युक्ती साधी आहे. विषयावरचा अलीकडचा एक चांगला आढावा-निबंध शोधा. त्याच्या संदर्भसूचीतून मागे जा आणि 'यांनी उद्धृत केलं' या दुव्यावरून पुढे या. जे निबंध दोन्ही वाटांवर वारंवार भेटतात ते आधी वाचायचे. निबंध पैशांच्या कुंपणाआड असेल तर अनपेवॉलवर किंवा लेखकाच्या विद्यापीठाच्या संग्रहात मोफत प्रत असते का ते पाहा. नसेल तर लेखकाला दोन ओळींचं नम्र पत्र पाठवा. बहुतेक संशोधकांना आपलं काम कुणीतरी वाचतंय याचा आनंदच होतो.

वाचण्याआधी तीन गोष्टी तपासा. निबंध मागे घेतलेला तर नाही ना? लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवर आधारलेला निबंध 'लॅन्सेट'मध्ये १९९८ साली छापून आला आणि २०१० मध्ये मागे घेतला गेला, पण त्याचे दाखले आजही दिले जातात. रिट्रॅक्शन वॉचच्या यादीत नाव टाकून पाहायला मिनिट लागतं. दुसरं, हा प्रीप्रिंट (समीक्षेआधीच खुला केलेला मसुदा) आहे की समीक्षा होऊन छापलेला? तिसरं, पैसा कुणी दिला? उद्योगाने पैसा दिला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण अशा निबंधाची पद्धत अधिक बारकाईने वाचावी.

पायरी ३: विज्ञानाचा निबंध. मोजमाप कसं केलं तिथे थांबा

विज्ञानाचा निबंध पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सरळ वाचू नये. गोषवारा वाचा, मग थेट तक्ते आणि आलेख पाहा. त्यावरून तुमचा स्वतःचा निष्कर्ष एका वाक्यात लिहा आणि मगच लेखकांची चर्चा वाचा. तुमचं वाक्य आणि लेखकांचं वाक्य यांत अंतर असेल तर ते अंतर का पडलं, हे शोधणं हेच खरं वाचन. पद्धतीचा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक तो गाळतात. माझ्या मते वेळ कमी असेल तर बाकी काहीही गाळावं, पण तो भाग नाही.

कारण शिशाच्या इतिहासात सगळा घोळ पद्धतीतच होता. रॉबर्ट केहो हे शिशाच्या उद्योगाच्या पैशावर काम करणारे संशोधक. शिशाशी थेट संबंध नसलेली म्हणून जी माणसं ते तुलनेसाठी घेत, त्यांच्याही शरीरात शिसं सापडे. त्यावरून त्यांनी अनुमान काढलं की थोडं शिसं शरीरात असणं नैसर्गिकच आहे आणि ठरावीक मर्यादेखाली ते निरुपद्रवी आहे. अनेक दशकं हेच मत प्रमाण मानलं गेलं.

मग आले क्लेअर पॅटरसन. त्यांचा मूळ विषय अगदी निराळा: उल्कांमधल्या शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) पृथ्वीचं वय काढणं. ते त्यांनी १९५६ मध्ये सुमारे ४५५ कोटी वर्षं असं छापलं. पण या कामात त्यांच्या नमुन्यांत सतत बाहेरचं शिसं मिसळत होतं. हवेतून, धुळीतून, भांड्यांतून, हातांतून. ते टाळण्यासाठी त्यांनी अतिशय स्वच्छ प्रयोगशाळा उभारली आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की दूषित झालंय ते सगळं जगच. १९६५ मध्ये त्यांनी लिहिलं की माणसांच्या शरीरात आढळणारं शिसं 'नेहमीचं' असेल, पण ते 'नैसर्गिक' नाही. केहोंच्या तुलना गटात शिसं होतं, कारण शिसं नसलेला तुलना गट तेव्हा मिळणंच अवघड झालं होतं.

म्हणून विज्ञानाच्या निबंधात पहिला प्रश्न हा: तुलना कुणाशी केली आहे, आणि तो तुलना गट खरोखर त्या गोष्टीपासून मुक्त आहे का? दुसरा प्रश्न: उपकरण किती बारीक मोजू शकतं? 'आढळलं नाही' याचा अर्थ कधी कधी एवढाच असतो की आपल्या यंत्राला ते दिसत नाही.

आता एका निष्कर्षाकडे जवळून पाहू. २००५ साली ब्रूस लॅनफिअर आणि सहकाऱ्यांनी सात दीर्घकालीन अभ्यासांतल्या १,३३३ मुलांची माहिती एकत्र केली. रक्तातलं शिसं प्रति डेसिलिटर २.४ वरून १० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढलं तर बुद्ध्यांक ३.९ गुणांनी घटलेला दिसला. १० वरून २० पर्यंत गेल्यावर आणखी १.९ आणि २० वरून ३० पर्यंत आणखी १.१. वरवर वाचणारा म्हणेल, शिसं वाढलं, बुद्ध्यांक घटला, संपलं. पण कागद-पेन्सिल घ्या. पहिल्या टप्प्यात ७.६ मायक्रोग्रॅमला ३.९ गुण, म्हणजे प्रत्येक मायक्रोग्रॅममागे साधारण अर्धा गुण. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येकामागे ०.१९ आणि तिसऱ्यात ०.११. सगळ्यात तीव्र उतार अगदी कमी मात्रेला आहे! 'ठरावीक मर्यादेखाली सुरक्षित' ही कल्पनाच इथे कोसळते. हे शीर्षकात दिसत नाही, आकड्यांचा भागाकार केल्यावर दिसतं. तक्ता समोर आला की असा एक तरी भागाकार स्वतः करायचाच.

पायरी ४: शिक्षणाचं संशोधन. मूल एकटं नसतं

शिक्षणाच्या संशोधनाला 'सौम्य' समजून हलकं लेखणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात ते अधिक अवघड आहे. रसायन दोन नळ्यांमध्ये सारखं वागतं, मूल दोन वर्गांमध्ये तसं वागेलच असं नाही. एका वर्गातल्या तीस मुलांना शिक्षक एकच असतो, वेळापत्रक एकच असतं. म्हणून दहा वर्गांतली तीनशे मुलं म्हणजे तीनशे स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. निबंधात 'क्लस्टर' किंवा 'बहुस्तरीय' विश्लेषण, म्हणजे मुलं वर्गांच्या गटांत आहेत हे हिशेबात धरणारं विश्लेषण, केलं आहे का ते पाहा. नसेल, तर त्यातली खात्री फुगवलेली असण्याची शक्यता मोठी.

प्रयोग करता येतो तिथे शिक्षणाचे संशोधक उत्तम प्रयोगही करतात. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं चाललेल्या 'स्टार' प्रकल्पात ७९ शाळांमधल्या ११,००० हून अधिक मुलांना १३ ते १७ मुलांच्या लहान किंवा २२ ते २५ मुलांच्या नेहमीच्या वर्गांत चिठ्ठ्या टाकल्यासारखं विभागलं गेलं. लहान वर्गांतल्या मुलांची प्रगती सरस दिसली. पण शिशाच्या बाबतीत असा प्रयोग करणं अमानुष ठरेल. मग उरतं ते निरीक्षण, आणि निरीक्षणात इतर कारणं मिसळतात. जास्त शिसं असलेलं मूल बहुधा गरीब वस्तीत, जुन्या घरात राहत असतं. त्याचं मागे पडणं शिशामुळे की गरिबीमुळे?

हर्बर्ट नीडलमन यांच्या १९७९ च्या अभ्यासाने याला कसं तोंड दिलं ते पाहण्यासारखं आहे. त्यांनी पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. रक्त फक्त अलीकडचं शिसं सांगतं, दात वर्षानुवर्षांची साठवण सांगतो. दातांत जास्त शिसं असलेल्या ५८ आणि कमी असलेल्या १०० मुलांच्या चाचण्या घेतल्या, आणि आई-वडील, घर, आजारपण अशा ३९ इतर गोष्टींनी फरकाचा उलगडा होतो का ते तपासलं. होत नव्हता. शिवाय दात दिलेल्या २,१४६ मुलांच्या वर्गातल्या वागणुकीबद्दल शिक्षकांनी प्रश्नावली भरली. कुणाच्या दातांत किती शिसं आहे हे शिक्षकांना ठाऊक नव्हतं. जसजसं शिसं वाढत गेलं तसतशी अडचणीची वागणूकही वाढत गेली. हा पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा संबंध नुसत्या 'आहे-नाही' फरकापेक्षा कितीतरी बोलका असतो.

या अभ्यासातल्या मुलांचा पाठपुरावा १९९० मध्ये छापला गेला. जास्त शिसं असलेल्यांनी शाळा मध्येच सोडण्याचा ऑड्स रेशो ७.४ निघाला. (ऑड्स म्हणजे एखादी गोष्ट घडलेल्यांची संख्या भागिले न घडलेल्यांची; ऑड्स रेशो म्हणजे दोन गटांच्या ऑड्सचं गुणोत्तर.) इथे घाई करू नका. एक, ऑड्स सातपट म्हणजे शक्यता सातपट नव्हे. शाळा सोडण्यासारखी गोष्ट मुळातच बऱ्यापैकी घडत असेल तर ऑड्सचा आकडा शक्यतेच्या आकड्यापेक्षा मोठा दिसतो. दोन, त्यासोबतचा ९५ टक्के विश्वास-अंतराल, म्हणजे खरा आकडा बहुधा ज्या दोन टोकांमध्ये असेल तो पट्टा, १.४ ते ४०.७ इतका रुंद होता. म्हणजे संबंध आहे याला आधार मिळतो, पण तो नेमका किती मोठा हे मात्र धूसरच राहतं. तीन, लहानपणी तपासलेल्या २७० पैकी १३२ जणांचीच पुन्हा तपासणी झाली. उरलेले कोण होते, हा प्रश्न पाठपुराव्याच्या प्रत्येक अभ्यासाला विचारायचा.

पुढे नीडलमन यांच्यावर गैरव्यवहाराचे आरोप झाले, चौकशी झाली. कामात चुका निघाल्या, पण गैरव्यवहार सिद्ध झाला नाही आणि फेरतपासणीत मूळ संबंध टिकून राहिला. वादग्रस्त अभ्यास टाकून द्यायचा नसतो, वादाचा शेवट काय झाला ते वाचायचं असतं.

पायरी ५: पर्यावरणाचा निबंध. दुसरी पृथ्वी मिळत नाही

इथे तुलना गटाची अडचण टोकाला जाते. पृथ्वी एकच. म्हणून पर्यावरणाचे अभ्यासक तीन वाटांनी जातात: काळात मागे जाणं, ठिकाणं बदलून पाहणं आणि पदार्थाची ओळखखूण शोधणं.

काळात मागे जाण्याचं सुंदर उदाहरण ग्रीनलंडच्या बर्फाचं. पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये दाखवलं की इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमाराच्या थरांपेक्षा आधुनिक थरांत शिसं २०० पटींहून अधिक आहे आणि सगळ्यात तीव्र वाढ १९४० नंतरची. ओळखखुणेचं उदाहरण समस्थानिकांचं: वेगवेगळ्या खाणींतल्या शिशात समस्थानिकांची प्रमाणं वेगळी असतात. त्यामुळे मातीत किंवा रक्तात सापडलेलं शिसं कुठल्या स्रोतातून आलं असावं याचा माग काढता येतो.

वाचताना दोन ठिकाणी सावध राहा. पहिलं, नमुने किती आणि स्वतंत्र किती? एका रस्त्याच्या कडेची तीस ठिकाणची माती तपासली तर ती तीस रस्त्यांची माहिती होत नाही. पर्यावरणाच्या प्रयोगांत ही चूक किती सर्रास होते हे स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं, आणि ती अजूनही भेटते. दुसरं, एकत्र उतरणाऱ्या दोन रेषा. अमेरिकेत १९७६ ते १९८० या काळात पेट्रोलमधलं शिसं कमी होत गेलं आणि लोकांच्या रक्तातली सरासरी पातळीही सुमारे ३७ टक्क्यांनी घसरली. आलेख डोळ्यांत भरतो. पण त्याच काळात दुसरं काय बदलत होतं? घरांचे शिसं असलेले रंग, खाद्यपदार्थांच्या डब्यांचे शिशाचे जोड, आहार? चांगला निबंध हे प्रश्न स्वतःच उपस्थित करतो आणि उत्तरं देतो. ते नसतील तर आलेख कितीही देखणा असला तरी त्याला सुगावा म्हणावं, पुरावा नव्हे.

पायरी ६: कायद्याचं संशोधन. शब्द, निर्णय आणि त्याचं आजचं वजन

विज्ञानाच्या वाचकाला सगळ्यात जास्त अडखळायला होतं ते इथे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

कायद्याच्या संशोधनाचे ढोबळ दोन प्रकार. एकात कायदे आणि निकाल वाचून 'आजचा कायदा काय म्हणतो आणि त्यात सुसंगती आहे का' हे तपासलं जातं. दुसऱ्यात कायद्याचा प्रत्यक्ष परिणाम मोजला जातो. दुसरा प्रकार समाजशास्त्रासारखाच वाचायचा. पहिल्या प्रकारात नमुना, सरासरी, पी-व्हॅल्यूसारखी संख्याशास्त्रीय कसोटी असं काही नसतं आणि ते नसणं हा दोष नाही. तिथला पुरावा म्हणजे कायद्याचा मजकूर, निकाल आणि युक्तिवाद. हेही ठाऊक असू द्या की अमेरिकेतली बहुतेक लॉ रिव्ह्यू नियतकालिकं कायद्याचे विद्यार्थी संपादित करतात. तिथे विज्ञानासारखी तज्ज्ञ-समीक्षा क्वचितच असते. म्हणून लेख कुठे छापला यापेक्षा त्यातल्या तळटीपा मूळ स्रोताशी जुळतात का, याला महत्त्व. प्रत्येक लेखातल्या दोन-तीन कळीच्या तळटीपा उघडून मूळ निकालाशी ताडून पाहाच.

आता एक निकाल. एथिल कॉर्पोरेशन (शिशाचं मिश्रक बनवणारी कंपनी) विरुद्ध ईपीए (अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था), १९७६, अमेरिकेतलं डी. सी. सर्किटचं अपील न्यायालय. तो वाचताना क्रम असा ठेवा.

आधी कायद्याचे शब्द. ज्या इंधन-मिश्रकामुळे सार्वजनिक आरोग्य 'धोक्यात येईल' त्यावर नियंत्रण आणण्याचा अधिकार स्वच्छ हवा कायद्याने ईपीएला दिला होता. १९७३ मध्ये ईपीएने पेट्रोलमधलं शिसं टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा नियम केला. उत्पादक कंपन्या न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं, हानी झाल्याचा ठोस पुरावा नाही.

मग वाद नेमका कशावर ते शोधा. शिसं घातक आहे की नाही, हा न्यायालयापुढचा थेट प्रश्न नव्हताच. 'धोक्यात येईल' या शब्दांना प्रत्यक्ष हानीचा पुरावा लागतो की हानीचा गंभीर संभव पुरतो, हा प्रश्न होता. आधी तीन न्यायाधीशांच्या पीठाने नियम रद्द ठरवला होता. पूर्ण पीठाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी तो उचलून धरला. न्यायमूर्ती स्केली राइट यांच्या बहुमताचं सार: धोका म्हणजे झालेली हानी नव्हे. ज्या कायद्याचा हेतूच प्रतिबंधाचा आहे त्याला विज्ञानाच्या पूर्ण खात्रीची वाट पाहायला लावता येत नाही.

त्यानंतर निर्णयाचा गाभा आणि बाकीची चर्चा वेगळी करा. निकाल ज्या कारणावर उभा आहे तेवढंच पुढच्या प्रकरणांत बांधून ठेवतं. न्यायाधीशांनी ओघात केलेली विधानं कितीही उद्धृत करण्याजोगी असली तरी बंधनकारक नसतात. या निकालात बेझलॉन आणि लेव्हेंथल या दोन न्यायाधीशांनी सहमती दर्शवतानाच, विज्ञानाच्या तपशिलात न्यायाधीशांनी किती खोल शिरावं यावर स्वतंत्र लिहिलं आहे. वाचायला फार उद्बोधक, पण न्यायालयाचा निर्णय म्हणून त्याचा दाखला देणं चूक. विरोधी मतही वाचा. बहुमताची कमजोर बाजू सगळ्यात नेमकेपणाने तिथेच मांडलेली असते.

शेवटी, या निकालाचं आज काय झालं? पुढे तो उलटवला गेला का, की कायदाच बदलला? इथे विधिमंडळाने १९७७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून 'धोक्यात येईल अशी वाजवी अपेक्षा करता येईल' अशा आशयाची सावध शब्दरचना आणली, म्हणजे बहुमताचीच दिशा पक्की केली. ही पायरी गाळून जुना निकाल उद्धृत करणं म्हणजे मागे घेतलेला शोधनिबंध उद्धृत करण्यासारखंच आहे. दुसऱ्या देशाचा निकाल वाचत असाल तर तो तुमच्याकडे बंधनकारक नाही, फार तर विचारात घेण्याजोगा आहे, हेही टिपणात स्पष्ट लिहा.

पायरी ७: चारही एका टिपणात आणा

एक साधा तक्ता करा. प्रत्येक निबंधासाठी एक ओळ, आणि रकाने असे: पायरी १ मधल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतो, पुरावा कुठल्या प्रकारचा, तुलना कुणाशी, मुख्य आकडा किंवा मुख्य निर्णय, लेखकांनी स्वतः मान्य केलेल्या मर्यादा, आणि मला न पटलेलं. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर निबंध पुन्हा वाचा.

तक्ता भरल्यावर वेगवेगळ्या जातीचा पुरावा एकाच दिशेने बोट दाखवतोय का ते पाहा. शिशाच्या बाबतीत बर्फाचे थर, दुधाचे दात, रक्ताच्या चाचण्या आणि वर्गातली वागणूक यांतल्या प्रत्येकाच्या चुका वेगळ्या होऊ शकतात. दातांच्या अभ्यासातली त्रुटी बर्फाच्या अभ्यासात शिरणार नाही. ज्यांच्या चुका एकमेकींशी संबंधित नाहीत असे चार साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले की भरवसा खऱ्या अर्थाने वाढतो. एकाच पद्धतीचे दहा निबंध एकसारखं बोलले तरी तेवढा वाढत नाही, कारण त्या पद्धतीतला दोष दहाही ठिकाणी असू शकतो.

लिहिताना क्रियापदं जपून वापरा. निरीक्षणाच्या अभ्यासाबद्दल 'संबंध आढळला', प्रयोगाबद्दल 'परिणाम झाला', निकालाबद्दल 'न्यायालयाने ठरवलं', आणि लेखकाच्या मताबद्दल 'लेखकाचा युक्तिवाद असा'. 'सिद्ध झालं' हा शब्द गणितासाठी राखून ठेवावा असं माझं ठाम मत आहे. आणि 'शिसं घातक आहे' हे वाक्य व 'म्हणून सरकारने बंदी घालावी' हे वाक्य एकाच परिच्छेदात आलं तर मधली पायरी लिहिली आहे का ते बघा: किती खात्री पुरेशी, आणि ते कुणी ठरवायचं. चांगली टिपणंही इथेच तुटतात.

टिपणावर तारीख घाला. मुलांच्या रक्तात शिशाची किती पातळी चिंतेची, याची अमेरिकेतली मर्यादा १९७० मध्ये प्रति डेसिलिटर ४० मायक्रोग्रॅम होती. सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेने १९७५ मध्ये ती ३० केली, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५. ज्याच्या टिपणात नुसतं 'मर्यादेच्या आत' एवढंच लिहिलं आहे, ते कुठल्या मर्यादेच्या आत हे काही वर्षांनी त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. म्हणून मर्यादा, ती ठरवणारी संस्था आणि साल, तिन्ही एकत्र लिहा. तुमच्या मुख्य दोन-तीन निबंधांसाठी गूगल स्कॉलरवर सूचना लावून ठेवा, म्हणजे त्यांना उद्धृत करणारं नवं काही छापलं की कळेल. निकालांसाठी वर्षातून एकदा तोच शोध पुन्हा करून पाहा.